शितावरून भाताची परीक्षा; पण शीत कुठले?

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशातील काही जिल्ह्यांची यादी केली. कोविडच्या लशीचा पहिला डोसदेखील ज्यांच्या निम्म्या प्रौढांपर्यंत पोहोचला नव्हता, असे हे जिल्हे. देशाने १०० कोटी डोसांचा टप्पा त्याच महिन्याच्या २१ तारखेला ओलांडला होता आणि वर्तमानपत्रांतून त्याचे कौतुक चालू होते. त्या कौतुकाच्या शेजारी ही यादी जरा अवघड वाटणारीच होती. तिच्यात महाराष्ट्रातून औरंगाबाद, नंदुरबार, बुलढाणा, नांदेड आणि अकोला यांच्या जोडीला हिंगोलीचे नाव होते. ३ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी मागे पडलेल्या जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांशी बैठक घेतली आणि घरोघरी जाऊन लस देण्याची ‘हर घर दस्तक’ ही मोहीम सुरू झाली.

अशा वेळी जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो तो एका शब्दाचा: का? लोक लशीला भितात म्हणून मागे आहेत, की त्यांना वेळ नाही म्हणून? त्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या पावसाने मराठवाड्यात सोयाबीनची दाणादाण उडवली होती. ज्याचे पीक पाण्यात आहे तो आधी शेतात जाईल की लसीकरण केंद्रावर? उत्तर ‘भीती’ असेल तर डॉक्टर, शिक्षक, मौलवी, महाराज यांना पुढे करून समजूत घालावी लागेल. उत्तर ‘सवड’ असेल तर परिचारिकेला संध्याकाळी सातनंतर गावात बसवावे लागेल. दोन्ही उपाय खर्चाचे आहेत आणि एकाच्या जागी दुसरा केला तर पैसा जातो, वेळही जातो. त्या वेळी वेळ जाणे म्हणजे माणसे जाणे होते.

‘का’ याचे उत्तर शोधण्याचा एक नवा आणि मोहक मार्ग गेल्या पंधरा वर्षांत पुढे आला आहे. लोक आपली मते आता स्वतःहूनच ट्विटरवर, फेसबुकवर लिहितात. मग घरोघर हिंडून प्रश्नावल्या भरून घेण्याचा खटाटोप कशाला? संगणकाने हा मजकूर गोळा करावा, प्रत्येक नोंदीवर ‘अनुकूल’, ‘प्रतिकूल’ किंवा ‘तटस्थ’ असा शिक्का मारावा, बेरीज करावी, की लोकमत हातात आले. या पद्धतीला ‘भावविश्लेषण’ असे नाव आहे. हिच्यावर शेकडो शोधनिबंध निघाले आहेत आणि त्यांतले निष्कर्ष बातम्यांच्या मथळ्यांपर्यंत पोहोचतात. विज्ञान शिकवणाऱ्यांनी ही पद्धत नीट तपासून पाहिली पाहिजे असे आम्हांस वाटते. आपल्याकडे ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण आहे, आणि सारे नमुनाशास्त्र या एका म्हणीत सामावले आहे. म्हणीत न सांगितलेली अट मात्र अशी, की भात सगळीकडे सारखा शिजलेला हवा, नाहीतर शीत पातेल्याच्या तळातून, मधून आणि कडेने, असे ठिकठिकाणचे घ्यायला हवे. वरच्या थरातली दहा हजार शिते चाचपली तरी तळाला लागलेल्या भाताची खबर लागत नाही.

टीका करायची तर पद्धतीच्या चांगल्या उदाहरणावर करावी, नाहीतर ती टीका सोपी होते. म्हणून मार्सेल सालाते आणि शशांक खंडेलवाल यांचा २०११ मधला निबंध घेऊ. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची जागतिक साथ आली. पुण्यात त्या ऑगस्टमध्ये शाळा बंद झाल्या, तोंडाला रुमाल बांधून माणसे फिरत होती, हे पुष्कळांना आठवत असेल. अमेरिकेत त्या साथीवरची लस निघाली, तेव्हा ऑगस्ट २००९ ते जानेवारी २०१० या काळात ट्विटरवर लशीविषयी जे लिहिले गेले ते या दोघांनी गोळा केले. नोंदी होत्या ४,७७,७६८. त्यांतल्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर विद्यार्थ्यांनी हाताने शिक्के मारले, ते पाहून संगणक शिकला आणि उरलेले काम त्याने केले. खरोखर त्या लशीविषयीच्या अशा ३,१८,३७९ नोंदी निघाल्या: तटस्थ २,५५,८२८, अनुकूल ३५,८८४ आणि प्रतिकूल २६,६६७. मग प्रत्येक प्रदेशात अनुकूल किती आणि प्रतिकूल किती यांतला फरक काढून तो त्या प्रदेशातल्या प्रत्यक्ष लसीकरणाच्या टक्केवारीशी ताडून पाहिला. दोन्ही बऱ्यापैकी जुळले. जिथे ट्विटरवरचा सूर चांगला होता तिथे लसीकरणही जास्त होते.

काम प्रामाणिक आहे आणि निष्कर्ष नाकारण्याजोगा नाही. पण त्यातल्या दोन गोष्टी मथळ्यांत कधी येत नाहीत. पहिली गोष्ट आकड्यांतच दिसते. शंभरातल्या ऐंशी नोंदी तटस्थ आहेत. कोणी बातमी पुढे पाठवली, कोणी केंद्राचा पत्ता दिला. ज्याला आपण ‘मत’ म्हणू ते उरलेल्या विसांत, आणि तेही साधारण अकरा विरुद्ध आठ असे विभागलेले. तीन लाखांचा ढिगारा मताच्या प्रश्नापुरता साठ-बासष्ट हजारांवर येतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ट्विटरवरचा सूर ज्या ‘प्रत्यक्ष’ टक्केवारीशी ताडून पाहिला, ती अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने कशी काढली होती? दूरध्वनीवरून निवडक घरांना प्रश्न विचारून! म्हणजे ज्या सर्वेक्षणाचा खटाटोप वाचवायचा म्हणून नवी पद्धत काढली, त्याच सर्वेक्षणाच्या वजनाने तिचा तराजू तपासावा लागला. जिथे असे वजन उपलब्ध नाही तिथे तराजू खरा की खोटा हे ठरवणार कोण? हिंगोलीसारख्या जिल्ह्यात जाऊन ही पद्धत वापरायची म्हटली की हा प्रश्न पहिल्याच पावलाला आडवा येतो.

मोठ्या आकड्यांची भूल

‘नोंदी लाखांनी आहेत, तेव्हा चूक राहीलच कशी?’ हा युक्तिवाद आपल्या विद्यार्थ्यांना पटतो आणि मोठ्यांनाही पटतो. त्याला उत्तर देणारे जुने उदाहरण प्रसिद्धच आहे. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीपूर्वी एक कोटीच्या आसपास मतपत्रिका टपालाने पाठवल्या. तेवीस लाखांवर परत आल्या. त्यांवरून रूझवेल्ट पडणार असे भाकीत केले. रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले. पत्ते घेतले होते ते मुख्यतः दूरध्वनी आणि मोटारी असणाऱ्यांचे, आणि उत्तर पाठवण्याचे कष्ट घेतले ते विशेष नाराज असलेल्यांनी. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी सुमारे पन्नास हजार माणसांवरून बरोबर भाकीत केले.

हे जुने झाले म्हणून सोडून देता येत नाही, कारण तेच नाटक लशीच्या बाबतीत पुन्हा झाले. २०२१ मध्ये फेसबुकच्या मदतीने अमेरिकेत एक सर्वेक्षण चालू होते. आठवड्याला अडीच लाख लोक उत्तरे देत. ध्यानात घ्या, येथे संगणक लोकांच्या मनातले ओळखत नव्हता, ‘लस घेतली का?’ असे सरळ विचारले जात होते. तरीही त्या वर्षीच्या मे महिन्यात या सर्वेक्षणाने पहिला डोस घेतलेल्यांचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा सतरा टक्क्यांनी जास्त दाखवले. उलट, नीट निवडलेल्या सुमारे एक हजार माणसांवर आधारलेले दुसरे सर्वेक्षण सत्याच्या पुष्कळ जवळ होते. डिसेंबर २०२१ च्या ‘नेचर’मध्ये ही तुलना छापून आली. तिच्या लेखकांनी हिशेब केला, की ती अडीच लाख उत्तरे निव्वळ चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दहा माणसांच्या उत्तरांहून अधिक मोलाची नव्हती. चूक मोजण्याचे सूत्र वर्गात शिकवताना आपण ‘नमुना मोठा तर चूक लहान’ एवढेच सांगून पुढे जातो. ते सूत्र चिठ्ठीने निवडलेल्या नमुन्यालाच लागू पडते, हे वाक्य फळ्यावर ठळक लिहायला हवे. नमुना एकांगी असेल तर तो मोठा केल्याने एकांगीपणा जात नाही, उलट चुकीच्या उत्तरावरचा आपला विश्वास तेवढा वाढतो.

हिंगोलीत लिहितो कोण?

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११,७७,३४५, आणि त्यातले शहरात राहणारे शेकडा पंधरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशाच्या ग्रामीण भागात इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया साधारण चौघींत एक आणि पुरुष जेमतेम निम्मे होते. त्यानंतर फोन वाढले, हे खरे. पण बाळाला लस टोचून आणायची की नाही हे जिच्या हातात, ती आई त्या काळात जालावर सर्वांत कमी होती. आणि फोन असलेली माणसे तरी ट्विटरवर कुठे लिहितात? गावातले बोलणे चालते ते व्हॉट्सअॅपच्या गटांत: भावकीचा गट, बचत गटाचा गट, हळदीच्या भावाचा गट. २०१६ पासून तिथले संदेश कुलूपबंद असतात, पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणाला वाचता येत नाहीत. ते तसे असणे योग्यच आहे. परंतु त्यामुळे जे संशोधकाला दिसते ते चावडीवरचे भाषण, आणि जे दिसत नाही ते ओट्यावरचे खरे बोलणे, अशी स्थिती होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेला लशीची मोहीम तमिळनाडू-कर्नाटकात सुरू झाली तेव्हा पालकांना घाबरवणाऱ्या अफवा पसरल्या त्या मुख्यतः व्हॉट्सअॅपवरून. हीच मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रातल्या शाळांत आली. त्या दिवसांत शंका घेऊन येणाऱ्या पालकांना तोंड शिक्षकांनीच दिले, त्यामुळे हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

यात नवे काही नाही, असेही म्हणता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई सरकारचे अनुवादक देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला तयार करीत. लोक काय म्हणतात हे साहेबांना कळावे, हा त्यामागचा एक हेतू. १८९७ च्या प्लेगमध्ये हाफकिन यांनी भायखळ्याला लस तयार करून जानेवारीत स्वतःला टोचून घेतली, त्या सुमारासही हे गोषवारे निघत होते. पण लिहिता-वाचता येणारे तेव्हा देशात शंभरात पाचच्या आसपास. हिंगोली तर निजामाच्या राज्यातली छावणी, मुंबईच्या गोषवाऱ्याच्या कक्षेबाहेरची. वर्तमानपत्र जाऊन पडदा आला. लिहिणाऱ्यांचे मत ते लोकांचे मत, हे समीकरण तसेच राहिले.

आता मुद्द्याच्या गाभ्याशी येऊ. लोक लस का घेत नाहीत, याची जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये तीन अंगांनी मांडणी केली. पहिले विश्वासाचे: लशीवर, ती देणाऱ्यावर भरवसा आहे का? दुसरे बेफिकिरीचे: हा रोग आपल्याला होणार नाही, झाला तरी काही बिघडत नाही. तिसरे सोयीचे: केंद्र किती दूर, किती वेळ उघडे, मजुरी किती बुडणार. या तिघांपैकी शब्दांत उतरते कोणते? अविश्वास बोलका असतो. तो आवेशाने लिहितो, पुन्हा पुन्हा लिहितो. बेफिकीर माणूस मात्र बेफिकीर असल्यामुळेच लिहीत नाही. आणि गैरसोय असलेला माणूस कामावर असतो. ‘आज मी लस घेतली नाही कारण काढणी चालू आहे’ असे कोणी फोनवर जाहीर करीत नाही. म्हणजे तीन कारणांपैकी दोन मुकी आहेत आणि आपले यंत्र फक्त बोलके कारण ऐकते.

एका कल्पित गावाचा हिशेब करून पाहू. आकडे आम्ही समजुतीसाठी घेतलेले आहेत. गावात १००० प्रौढ आहेत. ४८० जणांनी लस घेतली, ५२० जणांनी नाही. या ५२० पैकी कट्टर विरोधक ४०, मनात भीती असलेले १३०, आणि ‘घेऊ की, सवड झाली की’ असे म्हणणारे ३५०. आता लिहितात कोण ते पाहा. लस घेतलेल्यांपैकी ६० जण दंडावरच्या कापसाचा फोटो टाकतात, प्रत्येकी एकदा. विरोधकांपैकी २० जण लिहितात, पण प्रत्येकी सहा वेळा. भ्यालेल्यांपैकी १० जण एकेक प्रश्न विचारतात. ३५० जणांतला एकही लिहीत नाही. एकूण नोंदी १९०: अनुकूल ६०, प्रतिकूल १२०, शंकेच्या १०. संगणक अचूक चालला, एकही शिक्का चुकला नाही, तरी अहवाल येतो: ‘गावात ६३ टक्के विरोध’. प्रत्यक्षात विरोधक शंभरात चार! नोंदींऐवजी माणसे मोजली तर ९० पैकी २०, म्हणजे २२ टक्के, तेही पाचपटीहून अधिकच. आणि ज्या ३५० जणांसाठी संध्याकाळचे एक केंद्र पुरले असते ते अहवालात कुठेच नाहीत. हे उदाहरण वर्गात करायला सोपे आहे. सहाच्या जागी एक घालून, किंवा फोटो टाकणारे ६० ऐवजी २०० धरून विद्यार्थ्यांना उत्तर पुन्हा काढायला सांगावे. गावातल्या माणसांचे मत तसूभर न बदलता ‘लोकमत’ कसे हवे तिकडे झुकते ते त्यांना दिसेल. अमेरिकेतल्या फेसबुकच्या सर्वेक्षणात चूक उलट्या दिशेला झाली होती हेही त्यांना सांगावे. एकांगी नमुन्याची चूक कोणत्या बाजूची असेल ते आधी ठरवता येत नाही, आणि म्हणून ‘एवढे टक्के वजा करू’ अशी पळवाटही उरत नाही.

एखाद्या मंडळीने पैसे घेऊन वा बनावट नावांनी लिहिण्याचा प्रकार यात आम्ही धरलेलाच नाही. तो असतो, आणि त्याने बिघाड वाढतोच. पण तो नसला तरी पद्धत बिघडतेच, हे सांगणे आम्हांस अधिक गरजेचे वाटले.

यंत्राला मराठी कळते का?

वरच्या हिशेबात शिक्के अचूक धरले होते. तसे ते पडतात का? मराठीपुरते पाहिले तर अडचणी शब्दापासूनच सुरू होतात. ‘लस’ हा शब्द जखमेतून झिरपणाऱ्या द्रवालाही आहे. ‘देवी’ शोधायला जावे तर टोचायच्या देवीपेक्षा नवरात्रातली देवीच जास्त सापडेल. ‘डोस’ पाजले जातात ते बहुतेक उपदेशाचे, ‘टोचणी’ लागते ती मनाला. लस, लशीचा, लसीला, लशींना, लसीकरण, आणि कोविडच्या काळात वर्तमानपत्रांनी घडवलेला ‘लसवंत’: ही सारी एकाच शब्दाची लेकरे आहेत हे यंत्राला शिकवावे लागते. त्यात बरीच मंडळी मराठी लिहितात ती रोमन लिपीत, प्रत्येकाच्या मर्जीच्या स्पेलिंगने. हिंगोलीच्या बाजारात तर मराठीच्या जोडीला दखनी उर्दू आणि तांड्यावरची बंजारा बोली ऐकू येते.

शब्द जुळले तरी अर्थ जुळेलच असे नाही. आम्ही रचलेली ही तीन वाक्ये पाहा. ‘बाबांनी लस घेतली, दोन दिवस अंग दुखलं, ताप आला, आता शेतावर गेलेत.’ दुखणे आणि ताप पाहून यंत्र याला प्रतिकूल म्हणेल. वास्तविक गावातल्या भित्र्या शेजाऱ्याला धीर देणारे याहून चांगले वाक्य नाही. ‘घ्या अजून लस, व्हा अमर!’ यात एकही वाईट शब्द नाही. आणि तिसरे: ‘तीन दिवस झाले चकरा मारतोय, लस म्हणे संपली, काय लावलंय हे!’ हा माणूस चिडलेला आहे, पण त्याला लस हवी आहे. मे २०२१ मध्ये लशीच्या टंचाईमुळे महाराष्ट्र सरकारला १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण थांबवावे लागले होते. त्या दिवसांतली नाराजी यंत्राने ‘लशीविषयी प्रतिकूल’ या खान्यात टाकली असेल, तर ज्यांना लस मिळाली नाही त्यांनाच लशीचे विरोधक ठरवल्यासारखे होईल.

अलीकडची भाषायंत्रे या बाबतीत पुष्कळ सुधारली आहेत, उपरोध ओळखण्यातही. सुधारणा झाली ती शिक्का मारण्यात. शीत चाचपण्याची बोटे तरबेज झाली, शीत मात्र अजून वरच्याच थरातले.

हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींची वेधशाळा, लायगो-इंडिया, उभारली जात आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. जागा निवडताना जमिनीची शांतता हा मोठा निकष होता, कारण चार किलोमीटरच्या बाहूंत जी थरथर शोधायची ती अणुकेंद्राच्या आकाराहूनही सूक्ष्म असते. वाहनांचा, वाऱ्याचा, भूकंपाचा गोंगाट किती हे तिथे आधी मोजतात आणि मगच संकेताची भाषा बोलतात. शिवाय दूरच्या दुसऱ्या वेधशाळेतही तेच दिसले तरच ते खरे धरतात. लोकमताच्या या नव्या यंत्राकडून आमची अपेक्षा याहून वेगळी नाही. गोंगाट किती ते सांगा आणि दुसऱ्या, स्वतंत्र साधनाने तेच दाखवा.

मग या नोंदी टाकाऊ आहेत का? नाहीत. कुठली अफवा कोणत्या आठवड्यात उठली, लोक कोणते प्रश्न विचारताहेत, भीती तापाची आहे की वंध्यत्वाची, हे त्यांतून लवकर कळते. सर्वेक्षणाची प्रश्नावली छापून होईपर्यंत अफवा तीन तालुके ओलांडून गेलेली असते. एखादी नवी शंका एकाच माणसाने लिहिली तरी ती दखल घेण्याजोगी असते, तिथे प्रमाणाचा प्रश्नच येत नाही. सालाते-खंडेलवाल यांच्या निबंधाचा आम्हांस अधिक मोलाचा वाटलेला भागही प्रमाणाचा नाहीच. सारख्या मताची माणसे एकमेकांशीच बोलतात असे त्यांना आढळले, आणि लस न घेतलेली माणसे अशी एका ठिकाणी गोळा झाली तर सरासरी चांगली असूनही साथ पसरू शकते हे त्यांनी गणिताने दाखवले. गोवर थोपवायला शंभरात पंचाण्णव मुले सुरक्षित असावी लागतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवर उसळला तो गोवंडीसारख्या वस्त्यांतून, जिथे डोस चुकलेली मुले दाटीने राहत होती. सरासरीत अशी वस्ती दिसत नाही.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. २०२३ मध्ये ट्विटरने संशोधकांना फुकट मिळणारा मजकूर बंद केला. ऑगस्ट २०२४ मध्ये फेसबुकच्या मालकांनी ‘क्राउडटँगल’ हे नोंदी पाहण्याचे साधन मोडीत काढले. ज्या तराजूची किल्ली दुकानदाराच्या खिशात आहे त्यावर सार्वजनिक आरोग्याचे मोजमाप बेतावे का, हा विचार आधीच व्हायला हवा होता.

सरकारी टक्केवारीलाही हाच नियम लावला पाहिजे, नाहीतर आमची टीका एकतर्फी होईल. को-विनवर डोसाची नोंद होते ती केंद्राच्या जिल्ह्यात. हिंगोलीचा मजूर पुण्यात लस टोचून घेतो तेव्हा आकडा पुण्याचा वाढतो. आणि भागाकाराचा छेद, म्हणजे पात्र लोकसंख्या, २०११ नंतरच्या अंदाजाने धरलेला होता. तेव्हा पन्नासाच्या खाली हे खरे, पण ते सत्तेचाळीस की एकोणपन्नास यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

साधा मार्ग शिल्लक आहे, आणि तो जुना आहे. लहान मुलांचे लसीकरण मोजायला जागतिक आरोग्य संघटनेने कित्येक दशके ‘तीस गुणिले सात’ ही पद्धत वापरली: तीस ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी सात मुले, एकूण २१०. एवढ्यावर जिल्ह्याची टक्केवारी साधारण दहा टक्के इकडे-तिकडे इतकी कळते. ठिकाणे निवडण्याची रीत आठवी-नववीच्या गणितात बसते. जनगणनेतून हिंगोलीतल्या सर्व गावा-शहरांची यादी घ्या आणि लोकसंख्येची चढती बेरीज मांडत जा. शेवटची बेरीज ११,७७,३४५ येईल. तिला तिसाने भागले की ३९,२४५ हे पाऊल मिळते. एक ते ३९,२४५ मधली एक संख्या चिठ्ठीने काढा. ती चढत्या बेरजेत ज्या गावात पडेल ते पहिले ठिकाण. मग पाऊल मिळवत पुढे चला. सुमारे ८५ हजारांच्या हिंगोली शहराच्या वाट्याला दोन किंवा तीन ठिकाणे येतील, आणि पाचशे वस्तीच्या गावालाही त्याच्या लोकसंख्येइतकी संधी राहील. तळातले, मधले, कडेचे शीत ते हेच. गावात पोहोचल्यावर पूर्वी एक घर निवडून शेजारची घरे घेत जात. आता आधी घरांची यादी करून त्यातून चिठ्ठ्या काढतात, आणि तेच चांगले, कारण शेजारची घरे बहुधा एकाच मताची असतात.

एवढे काम शाळेच्या आवाक्याबाहेरचे असले तरी आपल्या एका गावापुरता त्याचा नमुना करून पाहता येईल. ग्रामपंचायतीच्या घरयादीतून चिठ्ठीने तीस घरे काढावीत, आशाताईंना सोबत घ्यावे, घरच्यांची परवानगी विचारावी आणि नावे लिहू नयेत. प्रश्न तीनच असावेत. घरात पाच वर्षांखालचे मूल आहे का? त्याचे लसीकरणाचे कार्ड पाहायला मिळेल का? एखादा डोस राहिला असेल तर कशाने राहिला? तिसऱ्या प्रश्नापुढे चौकटी छापू नयेत, तीन कोऱ्या ओळी ठेवाव्यात आणि आई जे सांगेल ते तिच्याच बोलीत उतरवावे. मग त्या आठवड्यात मुलांच्या घरच्या फोनवर लशीविषयी जे काही आले असेल ते, घरच्यांची हरकत नसेल तर, वहीत टिपून वर्गात आणावे. दोन्ही याद्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात आणि तीस घरांनी दिलेल्या कारणांपैकी फोनवर एकदाही न आलेली किती, ते मोजावे.